मदतीला धावणाऱ्या पिचरांची नऊ जुनी (म्हणजे नवीच) बेसबॉल कार्डं

अडगळीतला (शनिवार सकाळ)

मंडळी, धागा कलादालनात टाकावा की क्रीडेत, हे ठरेना म्हणून इथे टाकतोय. संपादकांनी हवा तिथे हलवावा.

मी फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात राहतो. शेजारी एक आजोबा आहेत, पुढच्या महिन्यात ८५ पूर्ण करतील. बर्फ पडला की माझ्या आधी फावडं घेऊन बाहेर, आणि गप्पा मारायला लागले की विषय एकच, इथला बेसबॉल संघ फिलीज. १९५० साली ते दहा वर्षांचे होते आणि फिलीजने तब्बल ३५ वर्षांनी नॅशनल लीग जिंकली होती. संघ इतका पोरसवदा, की 'व्हिझ किड्स' असं नाव पडलं. पण त्या पोरांना तारणारा मात्र ३३ वर्षांचा, चष्मा लावणारा, दिसायला शाळामास्तर वाटेल असा जिम कोन्स्टँटी. रिलीफ पिचर, म्हणजे दुसऱ्याने सुरू केलेल्या सामन्यात मधेच चेंडू टाकायला, मदतीला येणारा. ७४ सामन्यांत आला, एकाही सामन्याची सुरुवात त्याने केली नाही, १६ जिंकून दिले, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रिलीफ पिचरला तो मान तोपर्यंत कधीच मिळाला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात आजोबांनी बुटाचं खोकं काढून दाखवलं. पन्नाशीच्या दशकातली बेसबॉल कार्डं, कोपरे झिजून गोल झालेले. काहींच्या कडेला खोल दातरे होते. विचारलं तर म्हणाले, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत लागेल असं कार्ड कपड्याच्या चिमट्याने अडकवायचं. चाक फिरलं की फर्रर्र आवाज, मोटरसायकल चालवल्याचा थाट. आवडत्या खेळाडूचं कार्ड अर्थातच कोणी अडकवत नसे. ती जागा न्यूयॉर्कच्या यांकीज संघाची.

त्या खोक्यातलं एक कार्ड उलटं करून ते म्हणाले, "हे वाच आणि मला सांग, हा माणूस काय काम करायचा." मागे होतं ते एवढंच : किती सामने, किती जिंकले, किती हरले. घर पेटलेलं असताना कितीदा धावून आला, ते कुठेच नाही.

तर वाढदिवसाला मी त्यांना नऊ कार्डांचा संच करून देतोय. कार्डं ठेवायची प्लॅस्टिकची पानं नऊ खिशांची असतात, बेसबॉलच्या इनिंगही नऊ. धाटणी टॉप्स कंपनीच्या १९५९ सालच्या कार्डांची धरली आहे : सपाट रंग, मधे गोलात खेळाडू, तिरप्या छोट्या अक्षरांत नाव आणि अंगावर छापील सही. माप अडीच बाय साडेतीन इंच. आतापर्यंतची यादी : मार्बेरी १९२४, मूर १९२७, कोन्स्टँटी १९५०, विल्हेल्म १९५२, जो ब्लॅक १९५२, फेस १९५९, रॅडॅट्झ १९६४, मार्शल १९७४. नववं सुचवा.

आणि तीन अडचणी आहेत. चित्रं कुठून आणू? मागच्या बाजूला काय लिहू? आणि कागद जुना कसा दिसेल? चहात बुडवायचा विचार आहे.

---

बोरीबंदर

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचला. लहानपणी बिग फन च्युइंगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो, त्यांच्यावर रन लिहिलेले असायचे. आईने दिवाळीच्या साफसफाईत सगळी फेकली. अजून बोलत नाही तिच्याशी त्या विषयावर.

शंका : रिलीफ पिचर म्हणजे आपला शेवटच्या षटकांचा गोलंदाजच ना? मग त्यात एवढं काय?

---

आकडेमोड्या

@बोरीबंदर, थोडा फरक आहे आणि सगळी गंमत त्या फरकात आहे. क्रिकेटमध्ये कप्तान गोलंदाजाला बाजूला ठेवून पुन्हा आणू शकतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून जुन्या काळी पिचरने सामना सुरू करायचा आणि त्यानेच संपवायचा, हीच मर्दुमकी मानत. मधे बदली आणायची वेळ आली तर पाठवायचे कोणाला? उतरतीला लागलेल्याला किंवा सुरुवातीला उभं करायची खात्री नसलेल्याला. बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागेत) बसणं म्हणजे जवळपास शिक्षाच. १९२४ला वॉशिंग्टनचा २७ वर्षांचा खेळाडू-मॅनेजर बकी हॅरिस याने मार्बेरीसारखा दणकट, वेगवान माणूस मुद्दाम मागे राखून ठेवला, तेव्हा कुठे वारं बदलायला लागलं.

आता @अडगळीतला, दुसऱ्या अडचणीबद्दल. तुम्ही मागे 'सेव्ह' छापणार असाल तर माझा कडकडीत विरोध.

सेव्ह हा आकडा जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडापत्रकाराच्या डोक्यातून निघाला, आणि त्याला कारण तुमच्याच यादीतला एलरॉय फेस. पिट्सबर्गचा हा फेस उंचीला ५ फूट ८ इंच, टाकायचा फोर्कबॉल (ऐनवेळी खाली पडणारा चेंडू). १९५९ला त्याने १८ जिंकले, १ हरला. सगळे रिलीफमध्ये. लोक डोक्यावर घेऊन नाचले. होल्ट्झमनने बघितलं तर त्यातल्या बऱ्याच वेळा गडी आघाडी हातात घेऊन मैदानात आला, त्याने स्वतःच ती घालवली, मग त्याच्या संघाने बॅटिंगमध्ये रन काढून सामना परत मिळवला आणि विजय चढला याच्या नावावर. आग लावली त्याने, विझवली दुसऱ्यांनी, सत्कार त्याचा! याउलट जो पिचर येऊन गुपचूप आघाडी राखून जायचा, त्याच्या खात्यात भोपळा. म्हणून होल्ट्झमनने आघाडी राखल्याचा नवा हिशेब मांडला, तोच सेव्ह. अधिकृत नोंद म्हणून तो धरला गेला १९६९पासून. त्याआधीच्या खेळाडूंचे सेव्ह जुनी धावपत्रकं उकरून मागाहून मोजलेले आहेत.

म्हणजे १९५०च्या कोन्स्टँटीच्या कार्डावर '२२ सेव्ह' छापणं हे शिवकालीन पत्रावर पिनकोड घालण्यासारखं आहे. त्या सालात जे कोणाला माहीतच नव्हतं, ते कार्डावर येता कामा नये.

---

अडगळीतला

मुद्दा मान्य, पण पेच तसाच राहतो. सेव्ह काढला तर मागे पुन्हा जिंकले-हरले एवढंच उरतं, म्हणजे आजोबांची तक्रार जागच्या जागी.

---

रात्रपाळी

नववं कार्ड : मो ड्राबोव्स्की. चर्चा नको, मतदान नको.

कारण १. १९६६ची वर्ल्ड सिरीज (हंगामाअखेरची अंतिम मालिका), पहिला सामना. बाल्टिमोरचा मॅकनॅली तिसऱ्या इनिंगमध्ये ढेपाळला. तिन्ही बेस भरलेले, एक आउट. ड्राबोव्स्की आला. एकाला बाद केलं, दुसऱ्याला वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा बेस) देऊन एक रन फुकट दिला (म्हणजे माणूसच होता), तिसऱ्याचा झेल. आणि त्यानंतर सामना संपेपर्यंत एकही रन दिला नाही. पावणेसात इनिंग म्हणा, नियमाने ६⅔, त्यात ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), त्यातले ६ ओळीने. समोरच्या डॉजर्सची लय तिथे गेली ती गेलीच, बाल्टिमोरने चारही सामने जिंकले.

कारण २. त्याच वर्षी हा पाहुणा संघ म्हणून कॅन्सस सिटीत असताना, आपल्या जुन्या संघाच्या बुलपेनचा फोन नंबर पाठ होता म्हणून त्याने तिथे फोन लावला आणि त्यांच्या मॅनेजरचा आवाज काढून सांगितलं, क्राउसला तयार करा. त्यांचा मैदानातला पिचर चांगला खेळत असताना बिचारा क्राउस उठून हात गरम करायला लागला. कार्डावर त्याच्या हातात चेंडू नको, फोनचा रिसीव्हर द्या.

मी रात्री रुग्णालयात फोनच उचलत असतो, त्यामुळे या माणसाशी माझं आतड्याचं नातं आहे.

---

सुंठसाखर

रॉली फिंगर्स कुठाय?? मिशा! १९७२ला ओकलंडच्या मालकाने खेळाडूंना मिशा वाढवायला प्रत्येकी ३०० डॉलर दिले आणि याने पीळ देऊन टोकं वर वळवलेल्या मिशा ठेवल्या त्या कायमच्या. पुढे हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधला मोठा मान. कार्डावर त्याच्याइतकं देखणं कोण दिसणार?

---

अडगळीतला

@सुंठसाखर, म्हणूनच नको. फिंगर्सचं कार्ड कोणीही करतं, मिशा काढल्या की अर्धं काम झालं. ड्राबोव्स्की पक्का. पोलंडमध्ये जन्मलेला, त्यामुळे इथल्या पोलिश वस्तीतही त्याला मान. @रात्रपाळी, रिसीव्हर मंजूर.

---

काथ्याकूट

कायद्याचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

मार्बेरी आणि मूरच्या काळात छापून आलेल्या फोटोंना ९५ वर्षं उलटली, ते अमेरिकेत आता सर्वांचे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात नॅशनल फोटो कंपनीचे वॉशिंग्टनच्या खेळाडूंचे ढीगभर फोटो आहेत, मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. १९५०नंतरच्या फोटोंचं मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि संघांची चिन्हं, टॉप्सचं नाव, ही तर नोंदलेली बोधचिन्हं. घरच्या घरी एका माणसाला भेट द्यायला कोणी तुमच्या दारात येणार नाही. पण विकू नका, आणि टॉप्स हे नाव कुठेही ठेवू नका.

आणि तो चहा कृपया विसरा. मी स्वतः थोडीफार कार्डं जमवतो. या छंदात सर्वांत चिडीची गोष्ट म्हणजे नव्या छपाईला मुद्दाम जुनं करणं. आज भेट म्हणून दिलेलं कार्ड वीस वर्षांनी कोणाच्या तरी आवराआवरीत लिलावात जातं आणि एखादा भाबडा जीव खरं समजून पैसे मोजतो. मागे स्पष्ट लिहा : हौसेखातर केलेलं, अमुक साल.

---

अडगळीतला

@काथ्याकूट, उशीर झाला. काल रात्री परातीत चहा करून चार कार्डं बुडवली. कागद सुरकुतला, निळा रंग जांभळा झाला, आणि आता घरात चहा गाळायची गाळणी कोणी कुठे ठेवली यावर वेगळा धागा निघेल. चहा रद्द.

छपाईचंही ऐका. गावातल्या छपाईच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने कोपऱ्यातलं टॉप्स वाचलं आणि हात जोडले, हे आम्ही छापणार नाही. तेव्हा राग आला, आता वाटतं बरोबरच होतं. नाव काढलं. त्या जागी एक बुटाचं खोकं काढलंय, माझा शिक्का.

मग घरच्या प्रिंटरवर नऊची नऊ एका पानावर बसवली. पुढची बाजू सुरेख. कागद उलटून मागची छापली आणि उजेडासमोर धरली तर मागचा मजकूर दोन मिलिमीटर डावीकडे सरकलेला. कापल्यावर मार्शलच्या मागच्या चौकटीची एक कड गायब आणि शेजारच्या रॅडॅट्झची रेघ याच्या कार्डात. तीन पानं वाया घालवल्यावर अक्कल आली : दोन्ही बाजू वेगवेगळ्या कागदांवर छापायच्या, मधे धूसर पुठ्ठा, फवाऱ्याच्या गोंदाने चिकटवायच्या, टाचणीने चार कोपरे जुळवायचे आणि मगच स्टीलच्या पट्टीने कापायच्या. पुढचा कागद गुळगुळीत, मागचा साधा खरखरीत. हात फिरवला की जुन्या कार्डासारखं लागतं, आणि कोणाला फसवल्यासारखंही होत नाही, कारण कडेला तिन्ही थर दिसतात.

---

चितारी

चित्रांचं मी बघू का? १९५३ची टॉप्सची कार्डं फोटोंची नव्हतीच, ती रंगवलेल्या छोट्या चित्रांवरून छापली होती. म्हणजे हाताने काढलेलं चित्र हे काही उपरं नाही, परंपरेतलंच आहे.

मला प्रत्येकाचे दोन-तीन वेगवेगळे फोटो पाठव, मी त्यातलं एकही जसंच्या तसं उतरवणार नाही. आणि हे सांग : कोन्स्टँटीच्या चष्म्याची फ्रेम कशी? रॅडॅट्झ किती उंच? गोलात उंच माणूस उंच दाखवणं फार अवघड असतं.

---

अडगळीतला

चितारीताई, दंडवत घ्या!

रॅडॅट्झ ६ फूट ६ इंच. बोस्टनचा. टोपणनावच 'द मॉन्स्टर'. १९६४ला त्याने रिलीफमध्ये १८१ जणांना स्ट्राइकआउट केलं, एका हंगामात कुठल्याही रिलीफ पिचरला आजवर ते जमलेलं नाही. हल्लीचे रिलीफ पिचर एखादी इनिंग टाकतात, याने १५७ टाकल्या. मला वाटतं, गोलात तो मावूच नये. टोपी वरून कापली जाऊ दे, खांदे दोन्हीकडून.

आणि १९५९च्या कार्डांच्या मागे एक छोटं व्यंगचित्र असायचं. ते विल्सी मूरसाठी ठरलेलं आहे माझं. मूर ओक्लाहोमाचा शेतकरी, तिशीत पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये आला, तोही १९२७च्या यांकीजमध्ये. बॅटिंगचा पार आनंद. असं सांगतात, की बेब रूथने त्याच्याशी पैज लावली, वर्षभरात तुझे तीन हिट होणार नाहीत. मूरने तीनाच्या वर मारले, पैजेचे पैसे घेतले, गावी जाऊन शेतीसाठी दोन खेचरं घेतली. एकाचं नाव ठेवलं बेब, दुसऱ्याचं रूथ.

---

चितारी

खेचरं!! आधी तीच काढते. बैलजोडीसारखी दिसली तर समजून घे, माझा हात पोळ्याच्या बैलांवर बसलाय. शिंगं आवरते.

---

आकडेमोड्या

खेचरांची गोष्ट मला नेहमी जरा जास्तच गोड वाटते, पण व्यंगचित्रात चालेल, तिथे पुरावा लागत नाही. मूरचे १९२७चे १९ विजय आणि ७ पराभव मात्र पक्के.

आता पेचाकडे. दोन दिवस डोक्यात घोळत होतं. रात्रपाळीने ड्राबोव्स्कीबद्दल लिहिलेलं पुन्हा वाचा : "तिसरी इनिंग. तिन्ही बेस भरलेले. एक आउट." आकडेच आहेत, पण बेरजेचे नाहीत. हे १९६६च्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून आलेलं होतं, कोणालाही ठाऊक होतं, फक्त कार्डावर कधी आलं नाही. मग मागच्या तक्त्याऐवजी तेच छापा ना. प्रत्येकाचा एक सामना. आत आला तेव्हा कुठली इनिंग, बेसवर काय, धावफलक काय. आणि सामना संपला तेव्हा काय. सेव्ह हा शब्द लागतच नाही आणि आजोबांना उत्तर मिळतं.

---

बोरीबंदर

हे मला, बेसबॉल न कळणाऱ्यालाही, कळलं. +१

---

अडगळीतला

+१००. इतकं सरळ होतं आणि मी तक्त्याच्या रकान्यांशी झटत बसलो होतो.

पण मग कोन्स्टँटीचं काय करू? वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात तो मदतीला आला नाही, त्याला *सुरुवातीला* उभं केलं. नेहमी सामना सुरू करणाऱ्यांपैकी कर्ट सिमन्सला सैन्यात बोलावलेलं, रॉबिन रॉबर्ट्स लीगच्या शेवटच्या दिवसांत पिळून निघालेला, म्हणून वर्षभर एकही सामना सुरू न केलेल्या माणसाला यांकीजसमोर ढकललं. आठ इनिंगमध्ये एक रन दिला. फिलीजच्या बॅटरांना तेवढाही काढता आला नाही. ०-१. आजोबा तो सामना अजून हरलेला मानत नाहीत.

---

रात्रपाळी

मग तेच छापा : "आत आला : पहिली इनिंग. बेस रिकामे. ०-०." सगळ्या संचात एकच कार्ड वेगळं. बघणारा थबकेल.

आणि योगायोग म्हणजे जो ब्लॅकचंही तसंच. १९५२ला ब्रुकलिनसाठी ५६ सामन्यांत ५४ वेळा रिलीफ, रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), आणि वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना त्यानेच सुरू केला. यांकीजना ४-२ हरवलं. वर्ल्ड सिरीजचा सामना जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर. कोन्स्टँटी आणि ब्लॅक पानावर शेजारी-शेजारी ठेवा.

---

सुंठसाखर

फिंगर्सला नाकारल्याबद्दल आमचा निषेध चालू आहे, तरी एक माहिती देऊन पुण्य कमावते. या पिचरांना 'फायरमन' म्हणत, आपल्या भाषेत बंबवाले. सत्तरीच्या दशकात टॉप्सने 'लीडिंग फायरमेन' अशी कार्डंच काढली, १९७५च्या कार्डावर टेरी फोर्स्टर आणि तुमचा माइक मार्शल आहेत. १९७६पासून त्यांना एक पुरस्कार मिळायला लागला, मानचिन्ह म्हणजे बंबवाल्याचं सोनेरी हेल्मेट. पुरस्कर्ती कोण, तर ॲसिडिटीच्या गोळ्या करणारी रोलेड्स. रिलीफ या शब्दावर कोटी. थोडक्यात, दर वर्षी सर्वोत्तम रिलीफ पिचरला इनो दिला जायचा. 😀

---

अडगळीतला

"इनो घ्या" हे आपल्याकडे कोणी कोणाला म्हणतं ते आठवून पाच मिनिटं हसलो.

अवांतर, पण मार्शलवरून आठवलं. काल रात्री सह्या बसवत होतो. मार्शल हा विलक्षण माणूस. १९७४ला १०६ सामन्यांत पिचिंग, २०८⅓ इनिंग, साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) मिळवणारा पहिला रिलीफ पिचर. शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात पुढे डॉक्टरेट केली. आणि मुलांना सही द्यायचा नाही! खेळाडूची सही कशाला, तुमच्या शिक्षकांची घ्या, असं त्याचं म्हणणं. आता अशा माणसाच्या छातीवर मी छापील सही टाकू?

---

काथ्याकूट

टॉप्सने १९७५च्या कार्डावर टाकली होतीच की. त्या वर्षी सगळ्यांच्याच कार्डांवर होती.

---

आकडेमोड्या

त्यांनी टाकली म्हणून आपण टाकायची? मोकळी सोडा. आठ सह्या आणि एक कोरी.

त्याच न्यायाने मार्बेरी. 'फर्पो' हे नाव त्याला अजिबात आवडत नसे. अर्जेंटिनाचा मुष्टियोद्धा लुइस फर्पोसारखा दिसतो म्हणून लोकांनी चिकटवलेलं. कार्डावर फ्रेड लिहा.

---

चितारी

नऊ झाली. स्कॅन व्यनिमध्ये पाठवलेत.

विल्हेल्म सर्वांत जास्त आवडला. तू पाठवलेल्या फोटोंत तो बोटांच्या टोकांनी चेंडू असा धरतो, जणू गरम बटाटा. नकलबॉल म्हणजे तो फिरतच नाही ना? म्हणून चेंडूवरचे टाके मी स्वच्छ, एकेक मोजता येतील असे काढलेत. बाकी सगळ्यांच्या चेंडूंवर टाके पुसट. कॅचरलाही तो झेलता येत नसे म्हणून त्याच्या मॅनेजरने कॅचरसाठी राक्षसी हातमोजा करून घेतला, हे तू सांगितलंस, तो मागच्या व्यंगचित्रात आहे. मोज्यात मांजर झोपलंय. ते मी घातलं. काढायचं तर आत्ताच सांग.

---

अडगळीतला

मांजर राहणार.

विल्हेल्मच्या मागे "आत आला" लिहायच्या ऐवजी मी आगाऊपणा केलाय. तो युद्धात जखमी होऊन परतला, मोठ्या लीगमध्ये आला तेव्हा वय २९. पहिल्याच वेळी बॅट हातात घेतली आणि होमरन मारला. एकूण २१ हंगाम खेळला, १०७० सामन्यांत पिचिंग केलं, पन्नाशीला टेकेपर्यंत, आणि दुसरा होमरन कधी झाला नाही. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीफ पिचर. मागे फक्त एवढंच : "होमरन : १. तारीख : २३ एप्रिल १९५२."

@आकडेमोड्या, रागावू नका.

---

आकडेमोड्या

रागावलो नाही. पण कार्ड १९५२चं आहे, आणि "फक्त एकच" हे १९५२ला कोणाला माहीत होतं?

---

अडगळीतला

"फक्त" लिहिलेलं नाही हो. त्या दिवशी एकच होता.

---

आकडेमोड्या

...बरं. पास.

---

अडगळीतला (तीन आठवड्यांनी)

वृत्तांत उधार होता, तो देतो.

शनिवारी वाढदिवस झाला. घरातली वीसेक माणसं, केक, आणि मी नऊ खिशांचं पान खाकी कागदात गुंडाळून दिलं. आजोबांनी वाचायचा चष्मा लावला. पुढची बाजू जेमतेम पाहिली आणि पान सरळ उलटं केलं. कोन्स्टँटीचं मागचं वाचलं, "आत आला : पहिली इनिंग. बेस रिकामे. ०-०." काही बोलले नाहीत. पान गुडघ्यावर ठेवून चष्मा पुसला. मग नातवाला हाका मारून जवळ बोलावलं आणि त्या सामन्यातल्या कोन्स्टँटीच्या आठही इनिंग एकेक करून सांगितल्या. केक कापायचा राहिला. मुलगी दोनदा येऊन गेली.

चितारीताई, तुमच्या रॅडॅट्झपुढे त्यांनी मान मागे टाकून वर बघितलं, खिडकीतून उंच माणूस बघावा तसं. मार्शलच्या कोऱ्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "बरोब्बर." मार्बेरीवर फ्रेड वाचून विचारात पडले, मग मला समजावून सांगितलं की याला फर्पो म्हणत. मी काही बोललो नाही.

एक चूक निघाली. कोन्स्टँटीच्या मागे मी १६-७ ऐवजी ७-१६ छापलंय. नऊ जणांनी हा धागा वाचला, कोणाला दिसलं नाही. आजोबांना तीन सेकंद लागले.

मग शेवटी ते मूरवर आले. गोलात हसणारा शेतकरी, टोपीवर यांकीजचं चिन्ह (चिन्ह नाही म्हटलं होतं, पण @काथ्याकूट, ताईंनी हाताने काढलेलं आहे, आता वाद नको). आजोबांनी माझ्याकडे बघितलं. १९५०ला याच यांकीजनी फिलीजना चारही सामन्यांत हरवलं होतं. मी म्हटलं, अहो हा १९२७चा आहे, तुमच्या जन्माच्याही आधीचा, याने तुमचं काय घोडं मारलंय?

त्यांनी खिशातून कार्ड काढलं, उठले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "घरात कपड्यांचा चिमटा आहे का कुठे?"

नातवाची सायकल गॅरेजात होती.

---

चितारी

अरे देवा. आणि माझी खेचरं?

---

अडगळीतला

खेचरं बाहेरच्या बाजूला आहेत. पोरगा फुटपाथवर फर्रर्र करत गेला की दिसत नाहीत, कोपऱ्यावर थांबला की दिसतात.